आबाची पातळी

आबाला आबा हे नाव वयाच्या तिसऱ्या वर्षी पडलं. जेवण झालं की मागे हात टेकून, डोळे मिटून तो म्हणायचा, ''आता पाऊस येणार.'' म्हणून आजीने ते ठेवलं, आणि शाळेच्या हजेरीपटाखेरीज त्याचं खरं नाव कुणी घेतलंच नाही. असा जन्मजात वडीलधारा माणूस चौपन्नाव्या वर्षी तरुण व्हायला निघाला, त्याची ही हकिकत. लिहायला त्याची परवानगी आहे. परवानगी कसली, ''आकडे नीट टाक'' अशी तंबीच आहे.

आधीचा आबा कसा होता ते सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. जलसंपदा खात्यात उपअभियंता. कोथरूडला आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात आई, बायको आणि कॉलेजातली मुलगी. स्वतःबद्दल बोलायचं असतं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. मूतखड्याच्या कळा येऊन तो रात्रभर गॅलरीत येरझारा घालत होता, हे वहिनींना नंतर कळलं तेही केमिस्टच्या बिलावरून. कसा आहेस म्हटलं की ''चाललंय''. वडील गेले त्या महिन्यातही चाललंय, बढतीच्या यादीतून नाव गळलं तेव्हाही चाललंय. संध्याकाळी कट्ट्यावर यायचा, आमचं राजकारण ऐकायचा आणि बसल्या जागी झोपायचा. पंगतीत झोपायचा, खात्याच्या बैठकीत झोपायचा, मुलीच्या बक्षीस समारंभात तर पहिल्या रांगेत बसून घोरला. आम्ही म्हणायचो, स्वभावच तसा आहे. एखाद्याला आळशी म्हणायचं नसलं की आपल्याकडे स्वभावावर घालतात.

असे पुरुष आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. घरात ते असतात, पण त्यांचं काही नसतं. त्यांना आवडतं काय, दुखतं काय, भीती कशाची वाटते, हे बायकोला अंदाजाने ओळखावं लागतं. शिवाय ज्या विषयाकडे आता मी वळणार आहे, तो तर आमच्या पिढीने फक्त भिंतींवर पाहिलेला. रेल्वे स्टेशनाजवळच्या कंपाउंडवर चुन्याच्या अक्षरांत, मुतारीच्या दारात चिकटवलेल्या पत्रकांवर. तिकडे बघायचंही नाही अशी शिस्त होती. बघितलं तर ओळखीचं कुणीतरी बघतं.

तर झालं असं की सोसायटीत एका लॅबने शिबिर लावलं. ऐंशीच्या वर तपासण्या, त्याही निम्म्या पैशांत. आबाला आजार नको होते, पण निम्मे पैसे सुटणं त्याला बघवेना. सकाळी सातला येणारा रक्त घ्यायचा पोरगा दुपारी दोनला उगवला. तोवर आबाने वाट पाहून साबुदाण्याची खिचडी हाणली होती. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर रिपोर्ट आला. साखर काठावर, कोलेस्टेरॉल जरा वर, हे अपेक्षितच होतं. पण चौदाव्या पानावर एका ओळीपुढे खाली तोंड केलेला लाल बाण. टोटल टेस्टोस्टेरॉन २२१. शेजारी हवी ती मर्यादा छापलेली: ३०० ते १०००.

पार्किंगमध्ये त्याने मला गाठलं आणि न बोलता फोन पुढे केला. मी वाचलं. म्हटलं, ''म्हणजे काय?''

आबाने इकडेतिकडे पाहिलं. ''म्हणजे,'' तो म्हणाला, ''मी आळशी नाही.''

मला वाटतं, आबाचा खरा उपचार त्या क्षणी सुरू झाला. औषध पुष्कळ नंतर आलं.

हार्मोनच्या डॉक्टरांकडे तो एकटा गेला, घरी न सांगता. आत पाहतो तो खुर्चीत तिशीतली पोरगी, जेमतेम त्याच्या भाचीच्या वयाची. तिने पहिलंच वाक्य टाकलं, ''या काका, बसा.'' तरुण व्हायला आलेल्या माणसाला दारातच काका. मग तिने प्रश्न सुरू केले. थकवा येतो का? येतो. चिडचिड? नाही. इच्छा होते का? कसली, असं विचारून आबाने थोडा वेळ काढला. सकाळी उठताना ताठरपणा येतो का?

आबा विचार करून म्हणाला, ''कधी कधी मानेत येतो.''

ही बाई हसली नाही. यासाठी मी तिला मानतो. तिने प्रश्न पुन्हा, जास्त मराठीत विचारला. आबाच्या सांगण्यानुसार त्या वेळी खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याच्या टाकीची क्षमता त्याने मनातल्या मनात काढली, आणि उत्तर दिलं. मग तिने विचारलं, घोरता का? ''नाही,'' आबा ठामपणे म्हणाला. घोरणाऱ्याची साक्ष या बाबतीत ग्राह्य धरू नये, हे पुढे सिद्ध झालं.

दुपारी दोनचा, त्यातून खिचडीवरचा तो आकडा तिने मोडीत काढला. टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी हार्मोन पहाटे-सकाळी सगळ्यात जास्त असतो, दिवस चढेल तसा उतरतो, खाल्ल्यानंतरही पडतो. म्हणून सकाळी उपाशीपोटी, आणि तेही दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त द्यायचं. दोन्ही वेळा कमी आलं आणि जोडीला त्रासही असला, तरच कमी म्हणायचं. चाळिशीनंतर वर्षाला साधारण टक्काभर घट सगळ्यांचीच होते, तो काही आजार नव्हे. आबाचे पुढचे आकडे आले २६२ आणि २५४. मग मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचे दोन-तीन हार्मोन तपासले, कारण खाली काम थांबलंय, की वरून आदेशच निघत नाहीये, हे आधी बघावं लागतं. आबा सरकारी नोकर. हा मुद्दा त्याला समजावून सांगावा लागला नाही.

''काका, पोट कमी करा,'' ती म्हणाली. पोटावरची चरबी निष्क्रिय पडून राहत नाही. तिच्यात अरोमटेज नावाचं एक विकर असतं, ते टेस्टोस्टेरॉन घेतं आणि त्याचं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांमध्ये जास्त असणारा हार्मोन, करून टाकतं. वजन उतरलं की आकडा पुष्कळदा आपला आपण वर येतो. सहा महिने नीट झोपा, चाला, जेवण आवरा. आबा उतरल्या चेहऱ्याने घरी आला. पोट कमी करा हे त्याला लग्नापासून फुकट सांगणारे लोक घरात होते. तेच ऐकायला बाराशे रुपये मोजले, याचं त्याला दुःख.

सहा महिन्यांत वजन दोन किलो उतरलं, आकडा होता तिथेच राहिला, थकवाही तसाच. तेव्हा प्रोस्टेटची आणि रक्ताच्या दाटपणाची तपासणी करून तिने जेल लिहून दिलं. रोज सकाळी आंघोळीनंतर एक पुडी, दोन्ही खांद्यांना चोळायची. आणि त्याच्याबरोबर अटी. चोळून झालं की हात साबणाने धुवायचे. जेल सुकेपर्यंत, आणि नंतरही उघड्या खांद्याला, कुणाला, विशेषतः बायकामुलांना, हात लावू द्यायचा नाही. हे काही उगाच नव्हे. बापाच्या अंगाचं जेल लागून लहान मुलांमध्ये नको त्या वयात नको ते बदल दिसायला लागल्यावर २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डब्यावर चौकटीत इशारा छापायला लावला.

त्यामुळे घरी सांगणं भाग पडलं, आणि त्यामुळेच आबाच्या घरी चार दशकांनी सोवळं परत आलं. सकाळी साडेसहाला आबा उघडा, पंचा गुंडाळून, दोन्ही हात अंगापासून लांब धरून हॉलमध्ये उभा. त्याचा टॉवेल वेगळ्या दोरीवर. बनियन वेगळ्या बादलीत. मुलगी कॉलेजला निघताना भिंतीला पाठ घासत जायची. आईचं वय ऐंशीच्या पुढे. ती खुर्चीतून ओरडायची, ''अगं, त्याला शिवू नकोस, तो व्हायचाय!'' वहिनी मला म्हणाल्या, ''भावजी, मुंजीनंतर यांनी कधी पळी-पंचपात्र हातात धरलं नाही. आता रोज सकाळी अर्धा तास हे सोवळ्यात, आणि चहा मी लांबून सरकवायचा.''

हे प्रकरण फार दिवस टिकलं नाही. पावसाळ्यात जेल सुकेना. मग इंजेक्शनचा विचार निघाला, आणि डॉक्टरीणबाईंनी दोन पर्याय समजावले. एक, दोन-तीन आठवड्यांनी घ्यायचं, शेंगदाण्याच्या तेलातलं. दुसरं, दहा ते चौदा आठवड्यांनी एकदाच घ्यायचं, एरंडेलातलं. थट्टा नाही. हा हार्मोन पाण्यात विरघळत नाही, आणि तेलातून तो स्नायूत हळूहळू झिरपत राहतो, म्हणून तेल. आबाने घरी येऊन आईसमोर दोन्ही मांडलं. आई म्हणाली, ''शेंगदाण्याचं घे. एकादशीला चालेल.'' एरंडेलाचं नाव काढल्यावर मात्र तिचा चेहरा पालटला. ''दर महिन्याला चमच्याने देत होते तेव्हा माळ्यावर जाऊन लपायचास. आणि आता पैसे देऊन, पार्श्वभागात?''

चौदा आठवड्यांची सुटका म्हणून आबाने एरंडेल निवडलं. चार मिलिलिटर दाट तेल, हजार मिलिग्रॅम औषध, कुल्ल्याच्या स्नायूत खोलवर, सावकाश, दोन मिनिटं लावून द्यायचं. दोन मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. आबा पालथा पडून समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत होता, पोलिओच्या दुसऱ्या डोसापर्यंत पोहोचला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, ''निम्मं झालं.'' नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात, कारण तेलाचा बारीकसा अंश चुकून फुफ्फुसात गेला तर खोकला-धाप लागते. अर्धा तास संपला. आबा उठला आणि लिफ्टच्या दारात थांबलेल्या मला म्हणाला, ''लिफ्ट नको. जिन्याने जाऊ.'' औषधाचा परिणाम जाणवायला आठवडे लागतात असं डॉक्टरीणबाईंनी नुकतंच सांगितलं होतं. आबाला एकेचाळिसाव्या मिनिटाला जाणवला.

यात नवीन काही नाही. १८८९ च्या जून महिन्यात पॅरिसच्या जीवशास्त्र संस्थेत ब्राउन-सेकार नावाचे नामांकित शरीरशास्त्रज्ञ, वय वर्षं ७२, उभे राहिले आणि म्हणाले, मी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि माझी ताकद परत आली. जिने धावत चढतो, तासन्‌तास प्रयोगशाळेत उभा राहतो, आणि लघवीची धार पूर्वीपेक्षा लांब जाते. धार त्यांनी मोजली होती. पाण्यात काढलेल्या त्या अर्कात हार्मोन जवळपास नव्हताच हे आता सगळे मान्य करतात. म्हातारबुवांना जिना चढवला तो विश्वासाने. तरी युरोपात आणि अमेरिकेत हजारोंनी त्या अर्काची इंजेक्शनं घेतली.

ही माहिती मला आबाकडूनच मिळाली. हा या व्यक्तिमत्त्वाचा पुढचा टप्पा. जो माणूस 'चाललंय'च्या पलीकडे जात नव्हता, त्याला आता विषय सापडला आणि विषयाला आबा. दुसऱ्या इंजेक्शननंतर आमच्या एका मित्राच्या मुलाचं लग्न होतं. पंगत बसली होती, मठ्ठा फिरत होता. वरपक्षाच्या एका काकांनी आबाला सहज विचारलं, ''काय, बरे दिसता?'' झालं. आबाने १९३१ पासून सुरुवात केली. बुटेनांट नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बर्लिनच्या पोलिसांची लघवी गोळा केली, सुमारे पंधरा हजार लिटर. ''म्हणजे आपल्याकडचा दहा हजारी टँकर धरला तर दीड टँकर,'' आबा म्हणाला. त्याने खात्यात हयात घालवली, लिटर ऐकले की त्याला टँकर दिसतात. एवढ्या दीड टँकरमधून निघाला किती ऐवज? पंधरा मिलिग्रॅम, तोही टेस्टोस्टेरॉनचा धाकटा भाऊ अँड्रोस्टेरॉन. खरा माल १९३५ साली ॲम्स्टरडॅमला बैलांच्या वृषणांतून काढला, शंभर किलोतून दहा मिलिग्रॅम. त्याच वर्षी प्रयोगशाळेत तो बनवताही आला, आणि १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल बुटेनांट आणि रुझिच्का यांना मिळालं. हिटलरच्या सरकारने बुटेनांटला ते घेऊ दिलं नाही. ''दीड टँकर गोळा करून वर हे!'' आबा हळहळला. काकांनी मठ्ठ्याचा पेला ताटाच्या बाजूला सरकवून ठेवला होता. नंतर त्यांनी तो उचलला नाही.

कट्ट्यावर तर साथच आली. पूर्वी आम्ही एकमेकांच्या साखरेवर आणि जावयांच्या पॅकेजवर नजर ठेवून असायचो. आता ''तुझी पातळी किती?'' एकेक जण गुपचूप सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जाऊन आला. जाताना दोघे एकमेकांना तिथेच भेटले आणि दोघांनीही थायरॉइडचं कारण सांगितलं. व्यायामशाळेत जाणारे, मिशा पिळणारे आमचे एक निवृत्त फौजदार निघाले २९०. आणि सगळ्यात वर कोण? आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ, वय ७३, काठी टेकत येणारे, रेडिओवरच्या नाट्यसंगीताखेरीज कशातही रस नसलेले एक पेन्शनर. त्यांची पातळी ६१०. त्या दिवसापासून कट्ट्यावर त्यांना मधली जागा मिळते. ते बिचारे विचारतात, ''पण याचं मी करू काय?''

आबाचं सांगायचं तर काही फरक खरोखर पडले. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं की इच्छा थोडी वाढते, ताकद थोडी वाढते, पण उत्साहाची खात्री देता येत नाही. अमेरिकेत पासष्टीपुढच्या ७९० पुरुषांवर केलेल्या चाचण्यांचे निकाल २०१६ मध्ये आले, त्यांचाही सूर हाच. पण आबाच्या उत्साहाला चाचण्या माहीत नव्हत्या. तो वेताळ टेकडीवर जायला लागला. काळे टी-शर्ट घेतले. भाजीवाल्याला वांगी परत केली. चेहऱ्यावर सोळाव्या वर्षीचे मुरूम आले, तेही त्याने मिरवले. आणि मुख्य म्हणजे बोलायला लागला. वहिनींना विचारलं की औषधाचा उपयोग झाला का, तर त्या म्हणाल्या, ''भावजी, सत्तावीस वर्षं भिंतीशी संसार केला. आता भिंत बोलते. उपयोग म्हणायचा की नाही ते मला अजून ठरवता येत नाहीये.'' बाकी तपशील त्यांनी सांगितला नाही आणि मी विचारला नाही. आबाने सांगितला, तो मी लिहीत नाही.

एकदा टेकडी उतरताना तो जे बोलला ते मात्र लिहितो. म्हणाला, गेली तीन वर्षं मी ऑफिसातून आलो की गाडी लावायचो आणि तशीच बंद करून आत बसून राहायचो. अर्धा तास, कधी पाऊण. वर जायला नको वाटायचं. कुणाशी भांडण नाही, काही नाही, फक्त पाय उचलत नव्हते. ''हे डॉक्टरला काय सांगणार? पार्किंगमध्ये बसतो म्हणून?'' आकडा आल्यावर सांगता आलं. वडील गेल्यापासून असं होतं, हेही त्याने तिथेच, बाराशे रुपयांच्या त्या खुर्चीत, पहिल्यांदा म्हटलं. मी त्याच इमारतीत राहतो. त्याची गाडी कित्येकदा पाहिली असेल. काचा वर असायच्या.

मग तो पुन्हा मूळपदावर आला आणि मला हिमॅटोक्रिट समजावू लागला.

त्याच्या विद्वत्तेचा एक खरा उपयोग झाला, तोही नोंदवतो. सोसायटीच्या जिममधला ट्रेनर, वय एकोणतीस, वर्षापूर्वी लग्न झालेलं. दंड फुगवायला कुठूनतरी हीच इंजेक्शनं मिळवायच्या विचारात होता. डॉक्टर नाही, तपासणी नाही. आबाने त्याला डंबेल्सच्या बाकावर बसवलं. ''गावात टँकर सुरू झाला की काय होतं माहीत आहे? ग्रामपंचायत विहिरीचा गाळ काढणं सोडते. वरच्या कचेरीत नोंद होते, गावात पाणी आहे. आदेश बंद, निधी बंद, विहीर बुजते. तसंच हे. बाहेरून हार्मोन आला की मेंदूचे आदेश थांबतात, तुझा स्वतःचा कारखाना झोपतो, आकाराने लहान होतो, आणि शुक्राणूंचं उत्पादन जवळपास बंद पडू शकतं. तुला पोरं हवीत ना?'' ट्रेनरने मान हलवली. ''मग अंडी खा.'' पोरगा बंगालमधला. टँकर त्याला फारसा कळला नाही. 'आकाराने लहान' एवढं मात्र नेमकं कळलं. त्याने नाद सोडला.

चौथ्या इंजेक्शनच्या आधीच्या तपासणीत आबाचं रक्त दाट निघालं. टेस्टोस्टेरॉन अस्थिमज्जेला तांबड्या पेशी जास्त करायला लावतो. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं की औषध थांबवायचं असा दंडक आहे, कारण दाट रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती. आबाचं आलं ५५. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन थांबवलं आणि या वेळी वहिनींना आत बोलावलं. ''काकू, काका घोरतात का?''

वहिनी खुर्चीत नीट सरसावून बसल्या. सत्तावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी अधिकृतपणे विचारला नव्हता. घोरण्याचे प्रकार किती, कुठल्या कुशीवर कुठला, मध्येच श्वास थांबतो तेव्हा त्या मनात किती आकडे मोजतात आणि कितीव्या आकड्याला कोपर मारतात, शेजारच्या फ्लॅटमधून कधी तक्रार आली, सगळं क्रमाने बाहेर आलं. आबा छताकडे बघत होता. झोपेची तपासणी झाली. रात्रभरात श्वास इतक्या वेळा अडकत होता की माणूस दिवसा पंगतीत झोपला यात नवल नव्हतं. अडलेल्या श्वासाने रक्तही दाट होतं आणि मोडलेल्या झोपेने हार्मोनही उतरतो. म्हणजे शिबिरातला तो लाल बाण ज्याच्याकडे दाखवत होता ते आबाच्या नाकातोंडात होतं, आणि घरातल्या एका व्यक्तीला ते सत्तावीस वर्षं ऐकू येत होतं. तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आता आबा रात्री तोंडाला मास्क लावून, हवा ढकलणारं यंत्र उशाशी घेऊन झोपतो. मास्क लावल्यावर बोलता येत नाही, हा त्या यंत्राचा दुसरा गुण वहिनींनी माझ्या नजरेस आणला. झोप सुधारल्यावर वजन आठ किलो उतरलं. इंजेक्शन बंद झाल्यावर विहीर पुन्हा चालू व्हायला काही महिने गेले, मधले दोन महिने फार मरगळीत गेले, ''उतरतंय, उतरतंय'' असं तो कट्ट्यावर रोज जाहीर करायचा. या वाटेने जाणाऱ्याला हा उतार ठाऊक असावा, म्हणून तेही लिही, असं त्याने सांगितलंय. २०२३ मध्ये पाच हजारांहून जास्त पुरुषांवरच्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला होता. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात औषधाने वाढले नाहीत, पण हृदयाचे अनियमित ठोके आणि फुफ्फुसातल्या गुठळ्या थोड्या जास्त दिसल्या. तो निकाल त्याने वाचून काढला. ज्याला खरीच गरज आहे त्याने घ्यावं, ज्याला नाही त्याने आधी बायकोला विचारावं, असं तो आता म्हणतो. 'ज्याला खरीच गरज आहे' अशी माणसं असतात, जन्मापासून किंवा पिट्युटरीच्या आजाराने, कॅन्सरच्या उपचारांनी हा हार्मोन ज्यांच्यात बनतच नाही. त्यांच्याबद्दल बोलताना आबा थट्टा करत नाही आणि कुणाला करू देत नाही.

शेवटची तपासणी झाली. पातळी ३३८. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ''काका, औषधाशिवाय पास झालात.'' आबाला आनंद होण्याऐवजी काळजी वाटली. आकडा गेला तर इथे यायचं कारण गेलं. त्याने विचारलं, पुन्हा कधी येऊ? त्या म्हणाल्या, तशी गरज नाही, पण वर्षातून एकदा या. बरं, आणखी काही त्रास?

आबाने ऐसपैस बसून घेतलं आणि सुरुवात केली. निवृत्तीला तीन वर्षं राहिली, मुलगी परदेशी जाते म्हणते, आईला रात्री दिसत नाही, आणि एक धरण आहे ज्याच्या गळतीचा अहवाल त्याने लिहिला होता पण वर पाठवला नव्हता. बाहेर आठ पेशंट. रिसेप्शनवरच्या मुलीने दोनदा दार उघडून बघितलं.

वर्षाचं ठरलं होतं, पण तो दर तीन महिन्यांनी जातोच. आता रिसेप्शनवरच्या मुलीनेच तोडगा काढला आहे. त्याला रात्री नऊची, सगळ्यात शेवटची वेळ देतात, आणि वॉचमनला सांगून ठेवतात की आज गेट उशिरा लावायचं.